बालगंधर्व : रूपावर उभी राहिलेली रोजी

पुरुषाने केस वाढवले की त्याच्या वर्तनाविषयी शंका घेण्याची आपल्या समाजाची रीत जुनी आहे. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या लांब केसांच्या तरुणाला आजही घरची माणसे आधी केशकर्तनालयात पाठवतात. उलट हिंगोली-परभणीकडच्या गावांतून फिरणारा पोतराज पिढ्यान्‌पिढ्या केस राखत आला, कारण ते केस हीच त्याची रोजी. ते कापावेत तर फेरी बंद पडते आणि राखावेत तर दुसरे काम कोणी देत नाही. पुरुषाचे वेगळे रूप त्याला पोटाला लावते आणि त्याच वेळी बांधूनही टाकते, याचे मराठी मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण मात्र रंगभूमीवर घडले. ते म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

राजहंस कुटुंब सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८चा. गोड गळा ही त्यांना जन्मजात लाभलेली देणगी होती. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे गाणे लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि त्यांच्या कौतुकातून बालगंधर्व हे नाव रूढ झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही या मुलाचा गुण ओळखला. त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेच्या मिशन रुग्णालयात उपचार व्हावेत, अशी व्यवस्था त्यांनीच केली. पुढे १९०५ साली नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांसमोर उभे राहिले.

हा निर्णय त्या काळी साधा नव्हता. कुलीन स्त्रिया रंगमंचावर येत नसत, त्यामुळे नायिकेचे काम पुरुषानेच करायचे, हा शिरस्ता होता. अशा नटाला स्त्रीपार्टी म्हणत. डोक्यावर शेंडी आणि ओठांवर मिशी ही तेव्हा सभ्य पुरुषाची खूण मानली जाई. स्त्रीपार्टी नटाला मिशी उतरवावी लागे, केस राखावे लागत, चालणे-बोलणे बदलावे लागे. वडील हयात असताना मिशी काढणे तर अशुभ समजत. दादासाहेब फाळके १९१३ साली पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करीत होते, तेव्हा याच समजुतीमुळे नट अडून बसले होते. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही आणि अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके पडद्यावर राणी झाले. नाटकात गेलेला मुलगा घराण्याच्या हातून गेला, असे मानणाऱ्या समाजात मिशी उतरवणे म्हणजे सामान्य नोकरीपेशाची वाट जवळपास बंद करणे होते.

किर्लोस्कर मंडळीत या वाटेने गेलेला एक मोठा नट आधीच होऊन गेला होता. बडोद्यात कारकुनी करणारे भाऊराव कोल्हटकर १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या कंपनीत आले. त्यांची सुभद्रा आणि शकुंतला महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. वय वाढू लागले तसे भाऊराव पुरुष भूमिकांकडे वळले. १९०१ साली त्यांचे निधन झाले आणि कंपनीची मोठी पोकळी नारायणरावांनी भरून काढली.

बालगंधर्वांचे यश मात्र भाऊरावांच्याही पलीकडे गेले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी त्यांची कन्या निवर्तली. प्रयोग रद्द झाला असता तरी कोणी नाव ठेवले नसते, पण ठरल्या वेळी भामिनी रंगमंचावर आली. दुःख आत ठेवून लावण्याचा साज चढवणे हा त्यांच्या कामाचाच भाग झाला होता.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६च्या ‘स्वयंवर’मधील रुक्मिणीने त्यांच्या कीर्तीवर कळस चढवला. या नाटकाच्या चाली त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांच्या. बालगंधर्वांची पदर घेण्याची ढब, अंबाडा, त्यावरचा गजरा आणि दागिन्यांची निवड यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. ज्या समाजात पुरुषाने केस वाढवणे कुचेष्टेचे होते, त्याच समाजात एका पुरुषाच्या केशरचनेकडे पाहून स्त्रिया आपला अंबाडा बांधत होत्या. त्यांचे छायाचित्र छापले की वस्तू खपत असे. १९१९ साली राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’त त्यांनी सिंधू साकारली. भरजरी शालूंची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर ते ठिगळे लावलेल्या लुगड्यात आले आणि तरीही लोकांनी त्यांना स्वीकारले. केवळ साजशृंगारावर हे यश उभे नव्हते, याचा हा पुरावा.

पण त्या वैभवाचा खर्चही राजेशाही होता. उंची वस्त्रे, अत्तरे, खरे दागिने, मोठा परिवार आणि वादकांचा ताफा सांभाळताना हिशेबाकडे लक्ष राहिले नाही. टेंबे आणि बोडस एकामागून एक दूर झाले आणि १९२१च्या सुमारास कंपनीवरचे कर्ज लाखाच्या पुढे गेले. त्याच वर्षी ८ जुलै रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा गाजलेला प्रयोग झाला. त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. केशवरावांनीही उमेदीची वर्षे शारदेसारख्या स्त्रीभूमिकेत घालवली होती, पण त्यांनी वेळीच पुरुष भूमिकांची वाट धरली होती. बालगंधर्वांना ते जमले नाही. दिवाळे काढण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. घेतलेला पैसा परत करायचा तर तिकिटे खपली पाहिजेत आणि तिकिटे खपायची तर रुक्मिणी, भामिनी, सिंधू रंगमंचावर आल्या पाहिजेत, अशा चक्रात ते सापडले. प्रेक्षकांना नारायणराव राजहंस नको होते. त्यांना बालगंधर्वांची नायिका हवी होती.

दरम्यान काळ बदलत होता. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका नाटकांत उतरल्या. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. बोलपटांनी नाटकगृहे ओस पाडायला सुरुवात केली. स्त्रीपार्टी नटाचे रूप ही आता गरज राहिली नव्हती, उलट ते जुनाट वाटू लागले होते. १९३५ साली प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत आले. सत्तेचाळीस वर्षांच्या या नटाला कॅमेऱ्यासमोर नव्याने चालायला-बोलायला शिकायचे होते. चित्रपट नावाजला गेला, पण गंधर्वांची जादू त्यात प्रेक्षकांना सापडली नाही. तीस वर्षे अंगात मुरवलेले स्त्रीचे वळण उतरवून ठेवणे, वेष उतरवण्याइतके सोपे नव्हते. प्रभातशी जुळलेला संबंध त्या एका चित्रपटावरच थांबला आणि ते पुन्हा रंगभूमीकडे परतले.

१९३८ साली गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या. हळूहळू नायिकेची कामे त्या करू लागल्या आणि बालगंधर्व पुरुष भूमिकांत दिसू लागले. १९४० साली पत्नी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. गोहरबाईंशी जुळलेले नाते अनेक जुन्या चाहत्यांना रुचले नाही आणि तेही दुरावले. शरीर थकले, पायांनी साथ सोडली, तरी पोटासाठी आणि गाण्यासाठी प्रयोग सुरूच राहिले. १९५५ साली, सदुसष्टीच्या घरात, त्यांनी शेवटची स्त्रीभूमिका केली, ती सिंधूची. त्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण त्यांच्या वाट्याला आला. मानसन्मान आले, पण गेलेले वैभव परतले नाही. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

बालगंधर्वांच्या आयुष्याकडे केवळ एका कलावंताची शोकांतिका म्हणून पाहणे अपुरे ठरेल. समाजाने ज्या रूपासाठी त्यांना मखरात बसवले, त्याच रूपाबाहेर पडण्याची मुभा मात्र दिली नाही. कचेरीत लांब केसांना मज्जाव करणारा समाज आणि रंगमंचावर त्याच केसांवर गजरा माळलेला पाहून खूश होणारा समाज एकच होता. दोन्हीकडे माणसाच्या कामाआधी त्याचे रूप मोजले गेले. फरक इतकाच की, एका ठिकाणी त्यापायी दार बंद होत होते आणि दुसऱ्या ठिकाणी आत गेलेल्याला बाहेरचे दार सापडत नव्हते.

रूप वयाबरोबर ओसरले आणि स्त्रीपार्टीची प्रथाही इतिहासजमा झाली. त्यांचा गळा आणि पदे रंगवण्याची रीत मात्र टिकली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. त्यांना एकदाही रुक्मिणीच्या वेषात न पाहिलेल्या पिढ्या नाट्यसंगीत शिकताना आजही त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकतात. त्या ऐकताना त्यांचे केस, अंबाडा किंवा शालू कोणाला दिसत नाही. ऐकू येतो तो फक्त सूर आणि त्यामागची मेहनत.