हिमातील मेंढपाळ : संत फ्रान्सिस डी सेल्स

ज्या नगरीत उन्हाळा असह्य होतो व बर्फ म्हटले की शरबताच्या गाडीवरील लादी आठवते, त्या नागपुरातील कॅथीड्रल ज्या संताच्या नावाने उभे आहे, त्याच्या उमेदीची वर्षे हिमातून वाट काढण्यात गेली. ही हकीकत आमच्या लोकांत फारशी सांगितली जात नाही. म्हणून ज्युबिलीच्या निमित्ताने ती येथे देत आहो.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉय प्रांतात थोरां येथे, सरदार घराण्यात झाला. पॅरिस व पादुआ येथील विद्याभ्यास आणि १५९३ मधील गुरुदीक्षा पुष्कळांस ठाऊक आहे. सप्टेंबर १५९४ मध्ये चुलतभाऊ लुई यांस घेऊन ते शाब्ले प्रांती पायी निघाले. तेथील लोक कॅल्विनच्या पंथास गेले होते. दिवसा थोनाँ शहरात उपदेश करावा आणि रात्री आलेंजच्या किल्ल्यावर परतावे, असा क्रम होता. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री लांडग्यांच्या भयाने ते झाडावर चढले व झोपेत पडू नये म्हणून त्यांनी पट्ट्याने स्वतःस फांदीशी बांधून घेतले. सकाळी शेतकऱ्यांनी त्यांस गारठलेल्या स्थितीत खाली उतरविले. मारें गावी मिस्सा अर्पण करण्यास जावयाचे, तर द्रान्स नदीवरील पूल मोडलेला! एका बर्फाळलेल्या फळीवरून ते हातापायांवर रांगत पलीकडे जात.

१५९६ च्या हिवाळ्याच्या तोंडी ड्यूकच्या भेटीसाठी त्यांस तुरिन येथे जावे लागले. वाट ग्रेट सेंट बर्नार्ड घाटाची, उंची सुमारे ८,१०० फूट. तेथील धोका आमच्या वाचकांस समजावा म्हणून थोडे सांगतो. जुन्या, कडक झालेल्या थरावर नवे हिम पडले तर ते नीट धरत नाही. वारा आडोशाच्या उतारावर त्याची रास करतो. मग एका पावलाच्या भारानेही सारा उतार सुटून खाली येतो. यास हिमलोट म्हणतात. ऊन चढले म्हणजे ओल्या हिमाचे भय वाढते. म्हणून जाणते वाटाडे थर गोठलेला असताना, भल्या पहाटे असे उतार ओलांडतात. घाटाखालील एका खोऱ्यास मृतांचे खोरे असेच नाव पडले आहे. माथ्यावरील मठ मेंथों येथील संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात प्रवाशांसाठी उभारला. १९२३ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरविले. हे पोप स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. चरित्रकार सांगतात की, फ्रान्सिस वादळातून त्या मठात अर्धमेले होऊन पोहोचले. (मठाचे प्रसिद्ध कुत्रे त्या काळी अजून आलेले नव्हते.)

धाडसाची हौस म्हणून ते हिमात गेले असे कोणी समजू नये. १६०२ मध्ये बिशप झाल्यावर त्यांनी डोंगरातील पॅरिशेसचीही भेट घेतली. १६०६ मध्ये शामोनीच्या बाजूस गेले असता लोकांनी सांगितले की, एक मेंढपाळ चुकलेल्या गाईच्या शोधात हिमनदीच्या भेगेत पडून गोठून मेला. त्याच्या टोपीवरून जागा कळली. शेजारी दोराने आत उतरला, त्याने प्रेतास मिठी मारली आणि थंडीने आपणही मरू म्हणून, लवकर ओढा, असा धोशा लावला. बिशपांनी ही गोष्ट जेन द शांताल यांस पत्रात कळविली. एका गाईसाठी मनुष्य इतके करतो, तर आपल्या मेंढरांसाठी आपण इतके मंद का, हा प्रश्न त्यांस बोचत राहिला. आम्हां धर्मगुरूंस तो आजही सुखाने झोपू देत नाही. दुसऱ्या एका खोऱ्यात डोंगराचे माथे कोसळून गावे चिरडली, तेव्हा ते पायी तेथे गेले, लोकांचे सांत्वन केले व ड्यूककडून त्यांचे कर माफ करवून घेतले.

२८ डिसेंबर १६२२ रोजी, पुन्हा एका हिवाळी प्रवासात, लियों येथे त्यांस देवाज्ञा झाली. आनसी येथे त्यांचे दफन झाले. त्याच आनसीत फादर मेर्मिये यांनी १८३८ मध्ये त्यांच्या नावाचा मिशनरी संघ स्थापिला आणि १८४५ मध्ये त्या संघाचे लोक हिंदुस्थानास निघाले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, तो त्यांच्याच हाती सोपविण्यात आला.