ओसाड रानाचा राखणदार : आल्डो लिओपोल्ड

आग विझवताना प्राण गेलेल्या एका वनाधिकाऱ्याची ही हकिकत. आल्डो लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. १९०९ मध्ये ते वनखात्यात लागले. शिकारीला हरणं वाढावीत म्हणून लांडगे मारावेत, हे तेव्हा त्यांनाही पटत होतं. पण लांडगे संपले तिथं हरणांनी झाडोरा खाऊन डोंगर बोडके केले. ही चूक त्यांनी पुढे लिहून कबूल केली.

१९२४ साली ते विस्कॉन्सिन राज्यात आले. तिथं उत्तरेकडे कर थकलेल्या पडीक जमिनी काऊंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराकडे आल्या आणि त्यावर काऊंटीची जंगले उभी राहिली. लिओपोल्ड यांनीही १९३५ साली सॉक काऊंटीत एक ओसाड शेत घेतलं. दुष्काळात रोपं जळाली, तरी बायकामुलांसह ते दरसाल पाइन लावत राहिले. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानातली आग विझवताना हृदयविकाराने ते गेले.

सरपंच, ग्रामसेवक मंडळी, गायरानात खड्डे खणणं सोपं. पहिले तीन उन्हाळे रोपं राखणं अवघड. तेवढं मात्र ठरवून करा.