विनामूल्य विद्येचा हिशेब : ज्युडोचे जनक जिगोरो कानो

टोकियोच्या शिताया भागातील एईशोजी या छोट्या बौद्ध मंदिरात १८८२ साली एका एकवीस वर्षांच्या तरुणाने बारा तातामी चटया मावतील एवढी जागा घेतली. म्हणजे जेमतेम दोनशे चौरस फूट. विद्यार्थी नऊ. या जागेला त्याने कोदोकान असे नाव दिले आणि शिकवायच्या विद्येला जुजुत्सु न म्हणता ज्युडो म्हणायचे ठरवले. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या ज्युडोचा हा प्रारंभ. मात्र त्या काळच्या टोकियोला नव्या नावापेक्षा दुसरीच एक गोष्ट अधिक विचित्र वाटली असावी. या गुरूने विद्यार्थ्यांकडून फी घेतली नाही. सरावाचे जाड सुती अंगरखेसुद्धा त्यानेच पुरवले.

आज आपल्या शहरांतून गल्लोगल्ली कराटे-ज्युडोचे वर्ग भरतात. महिन्याची फी वेगळी, पट्ट्याच्या परीक्षेची वेगळी, प्रमाणपत्राची त्याहून वेगळी. शरीर आणि मन घडवणारी विद्या अशी विकावी काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येतो. आणि न विकता शिक्षकाने जगावे कसे, हा प्रश्न शिक्षकाच्या मनात असतोच. जिगोरो कानो यांचे आयुष्य या दोन्ही प्रश्नांच्या मधोमध गेले.

कानो यांचा जन्म १८६० साली कोबेजवळच्या मिकागे गावी झाला. आईचे घराणे साके या तांदळाच्या मद्याचे नामांकित उत्पादक. वडील नव्या मेइजी राजवटीत सरकारी कामात गुंतलेले. आई लवकर गेली आणि मुलगा वडिलांबरोबर टोकियोला आला. इंग्रजी चांगले, अभ्यासात हुशार; पण अंगाने अगदीच किरकोळ. उंची पाच फुटांच्या थोडी वर. वसतिगृहातल्या दांडग्या मुलांनी त्याला यथेच्छ छळले. दुबळा माणूस सशक्तावर मात करू शकेल अशी एक विद्या आहे, एवढे त्याच्या कानावर आले होते. ती शिकवणारा मात्र कोणी भेटेना. वडिलांच्या ओळखीतल्या जाणत्यांनी त्याला परावृत्तच केले. काळ बदलला, आता याचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. १८६८ नंतर सरंजामशाही मोडली. सामुराईंचे वतन गेले, १८७६ मध्ये तलवार बाळगण्याचा अधिकारही गेला. सरदारांच्या पदरी राहून युद्धकला शिकवणारे गुरू एका पिढीत निराधार झाले. सरदार त्यांना धान्याच्या रूपाने वेतन देत असे, त्यामुळे शिष्याकडून काय मिळते यावर त्यांची चूल अवलंबून नव्हती. ते वेतन थांबल्यावर विद्येचा बाजार मांडण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरले नाही. साकाकिबारा केनकिची या नामवंत तलवारबाजाने १८७३ मध्ये तिकीट लावून तलवारबाजीचे जाहीर खेळ सुरू केले आणि लोकांनी गर्दीही केली. जुजुत्सुवाल्यांनी तोच मार्ग धरला. कानो यांना हा प्रकार आयुष्यभर सलत राहिला. पण साकाकिबारा यांच्यामागे उपाशी पोटांची एक रांग उभी होती, हेही विसरता येत नाही.

जुजुत्सुच्या गुरूंना जगण्याचा दुसरा एक आधार होता, तो हाडवैद्यकीचा. जो सांधे निखळवायला शिकतो तो बसवायलाही शिकतोच. त्यामुळे गुरूच्या शोधात असलेल्या तरुण कानो यांनी हाडवैद्यांची दारे ठोठावायला सुरुवात केली. १८७७ मध्ये अशाच एका हाडवैद्याच्या मदतीने ते फुकुदा हाचिनोसुके यांच्यापर्यंत पोचले. फुकुदा हेही हाडवैद्यच. त्यांची तालीम लहानशी, शिष्य मोजके. विद्या मात्र अस्सल. कानो रोज अंग सुजवून घरी जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट टोकियोत आले असता त्यांच्यासमोर झालेल्या प्रात्यक्षिकात गुरुशिष्य दोघेही होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. त्यांच्या घरच्यांनी गुरूच्या पोथ्या, म्हणजे त्या शाखेचे गुप्त आराखडे असलेल्या गुंडाळ्या, या कोवळ्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवल्या. मग ईसो मासातोमो यांच्याकडे आणि ते गेल्यावर कितो शाखेच्या ईकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे शिक्षण झाले. कानो यांना पूर्ण विद्यादानाचा अधिकार ईकुबो यांनीच १८८३ मध्ये दिला. शिष्य एव्हाना स्वतःची संस्था चालवीत होता आणि गुरू तिथे शिकवायला येत होते.

जुन्या शाखांत विद्या टप्प्याटप्प्याने उघड होई. प्रत्येक टप्प्यावर एक गुंडाळी आणि प्रत्येक गुंडाळीमागे गुरूला काही ना काही देणे. शेवटची युक्ती शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात गुरूचे पोट होते. कानो यांनी नेमके हेच मोडले. कोणता डाव का लागतो, प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी का घालवावा लागतो, हे ते पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर तर्काने सांगत. गुप्ततेची जागा सूत्राने घेतली. प्रगती मोजण्यासाठी त्यांनी दान श्रेणी आणल्या आणि १८८३ मध्ये तोमिता त्सुनेजिरो व साइगो शिरो यांना पहिली श्रेणी दिली.

फी नसली म्हणजे काहीच घेतले जात नव्हते असे नाही. प्रवेश घेणाऱ्याला नोंदवहीत पाच कलमांची शपथ घेऊन सही करावी लागे. योग्य कारणाशिवाय मध्येच सोडणार नाही, संस्थेला बट्टा लागेल असे वागणार नाही, परवानगीवाचून ही विद्या दुसऱ्याला सांगणार वा शिकवणार नाही, अशा अर्थाची ती कलमे होती. पहिली सही तोमिता यांची. तोमिता हे कानो यांच्याच घरी राहणारे पोर. कानो यांनी त्याच वर्षी कानो जुकु नावाची निवासी शाळाही काढली. तिथली मुले पहाटे उठत, झाडलोट करत, अभ्यास करत आणि सराव करत. आपल्याकडच्या गुरुकुलाची आठवण यावी असाच हा प्रकार. पैशाऐवजी श्रम आणि निष्ठा द्यायची. हा व्यवहार पैशाच्या व्यवहारापेक्षा शिष्याला नेहमीच स्वस्त पडतो असे मात्र म्हणता येणार नाही.

मंदिराच्या भिक्षूंनाही या विनामूल्य विद्येची किंमत मोजावी लागली. आपटाआपटीने जमिनीच्या फळ्या मोडत आणि देवघरातल्या स्मृतिफलिका खाली कोसळत. प्रमुख भिक्षू असाही शुनपो तक्रार करत. रात्री कंदील घेऊन जमिनीखाली शिरायचे आणि मोडलेल्या फळ्यांना टेकू द्यायचा, हे काम गुरूकडेच असे.

हा सगळा खर्च येत कोठून होता? कानो १८८१ मध्ये टोकियो विद्यापीठातून पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. तो पगार आणि रात्री बसून केलेली भाषांतराची कामे यांवर कोदोकान चालले. म्हणजे विद्या विनामूल्य होती ती घेणाऱ्याला. देणारा तिच्यासाठी दुसरीकडे राबत होता. सुखवस्तू घर, विद्यापीठाची पदवी आणि इंग्रजी या तीन गोष्टी पाठीशी नसत्या तर कानो यांचे औदार्य किती दिवस टिकले असते? त्यांचे गुरू फुकुदा यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. कानो यांची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण फी न घेणारा गुरू श्रेष्ठ आणि घेणारा कनिष्ठ असा सरळ निवाडा करणाऱ्यांनी हाडवैद्य फुकुदांचे घर आधी डोळ्यांसमोर आणावे.

विद्यार्थ्यांची संख्या काही वर्षांतच शेकड्यांत गेली. नाव घालून चार दिवसांत दिसेनासे होणाऱ्यांचाही त्यात भरणा होता. पुढे प्रवेशशुल्क आले. जागा बदलत गेल्या, प्रत्येक वेळी मोठ्या होत गेल्या. १९०९ मध्ये कोदोकानचे रूपांतर सार्वजनिक न्यासात झाले. संस्था यापुढे एका माणसाच्या पगारावर चालणार नव्हती.

दरम्यान पोलीस दल आणि नौदलाची प्रबोधिनी यांनी ज्युडो स्वीकारला. १९११ मध्ये माध्यमिक शाळांतही त्याला अधिकृत स्थान मिळाले. कानो स्वतः टोकियोच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे मध्ये काही खंड पडून १९२० पर्यंत प्रमुख होते. त्यामुळे शाळांना लागणारे शिक्षक तयार करण्याचे यंत्रच त्यांच्या हाती होते. त्यांचे शिष्य यामाशिता अमेरिकेत गेले, त्यांनी १९०४ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना धडे दिले आणि पुढे तिथल्या नौदल अकादमीत पगारी शिक्षक म्हणून काम केले. कानो यांचा यातल्या कशालाच विरोध नव्हता. शिक्षकाने पगार घ्यावा, संस्थेने शुल्क घ्यावे. पण पैजेसाठी वा तिकीटबारीसाठी लढू नये, ही त्यांची रेघ होती. जुन्या काळी सरदार जे वेतन देत असे ते त्यांनी शाळा आणि शासन यांच्याकडून मिळवून दिले, असे म्हटले तरी चालेल. विद्येच्या मोलाबद्दलचे त्यांचे खरे उत्तर हेच होते. एईशोजीतल्या मोफत वर्गाची गोष्ट जास्त सांगितली जाते, कारण ती जास्त गोड आहे.

रेघ पाळली गेली का? १९२१ मध्ये अॅड सँटेल हा अमेरिकन कुस्तीगीर ज्युडोपटूंना आव्हान देत टोकियोत आला. कोदोकानचा विरोध डावलून काही जण त्याच्याशी जाहीर सामने लढले आणि त्यांच्यावर कारवाई झाली. मात्र १९०४ मध्ये अमेरिकेला गेलेले माएदा मित्सुयो युरोप आणि लॅटिन अमेरिकेत पैशासाठी कुस्त्या करत फिरले आणि ब्राझीलमध्ये स्थायिक झाले, तरी कोदोकानने त्यांची श्रेणी पुढेही वाढवत नेली. त्यांच्याच शिकवणुकीतून पुढे ग्रेसी घराण्याची ब्राझिलियन जिऊ-जित्सू निघाली. अंतर वाढले की नियम सैल होतो, याला कोदोकानही अपवाद नव्हते.

कानो यांच्या समकालीनांकडे पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. दाइतो शाखेचे ताकेदा सोकाकु हे त्यांच्याहून वर्षभराने मोठे. ते गावोगाव फिरून थोड्या दिवसांची शिबिरे घेत आणि दोन वह्या बाळगत. एकीत शिकणाऱ्यांची नावे, दुसरीत कोणी किती पैसे दिले त्याची नोंद. उएशिबा मोरिहेई यांनी १९१५ पासून होक्काइदोत त्यांच्याकडे विद्या घेतली, त्यांच्यासाठी तालीम बांधली, त्यांची सेवा केली आणि १९१९ मध्ये तिथून निघताना राहते घर त्यांच्या स्वाधीन केले. ताकेदा लोभी होते असे म्हणणारे आजही आहेत. पण त्यांच्याकडे पैसे देऊन शिकलेल्या उएशिबांनीच पुढे आयकिडो घडवला. १९३० मध्ये उएशिबांचे कौशल्य पाहून कानो इतके प्रभावित झाले की त्यांनी आपले शिष्य तिकडे शिकायला धाडले. महागड्या विद्येचे पाणी असे फिरून कोदोकानपर्यंत आले.

दुसरे टोक फुनाकोशी गिचिन यांचे. ओकिनावाच्या या निवृत्त शाळामास्तरांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले. कानो यांनी त्यांना कोदोकानमध्ये सन्मानाने बोलावले. फुनाकोशी टोकियोतच राहिले, पण विद्यार्थी थोडे आणि मिळकत त्याहून थोडी. ओकिनावाच्या मुलांच्या वसतिगृहात पहारा आणि झाडलोट करून त्यांनी दिवस काढले. कपडे गहाण ठेवण्याची वेळ आली. तिथल्या स्वयंपाक्याला कराटे शिकवून त्या बदल्यात जेवणाच्या बिलात सूट मिळवण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्या वाट्याला गाकुशुइनची नोकरी आली नव्हती.

उत्तरायुष्यात कानो यांचा बराच काळ प्रवासात गेला. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले आणि १९१२ मध्ये दोन जपानी धावपटूंना घेऊन स्टॉकहोमला गेले. त्या दोघांपैकी कानाकुरी या विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली. शक्तीचा सर्वोत्तम वापर आणि स्वतःसह इतरांचेही कल्याण, ही आपल्या विद्येची दोन तत्त्वे त्यांनी १९२२ मध्ये मांडली. भारतात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये ताकागाकी शिंझो हे ज्युडो शिक्षक शांतिनिकेतनात आले, तेही या कोदोकान परंपरेचेच. १९३४ मध्ये टोकियोत कोदोकानची पाचशेहून अधिक तातामींची प्रशस्त वास्तू उभी राहिली. त्याच दशकात युरोपात रंगीबेरंगी पट्ट्यांची पद्धत रूढ होऊ लागली. आजच्या पट्टा-परीक्षांच्या शुल्काला तिने आयतीच पायरी करून दिली. कानो यांच्या मूळ योजनेत एवढे रंग नव्हते.

मार्च १९३८ मध्ये कैरो येथील बैठकीत १९४०चे ऑलिंपिक टोकियोलाच होईल यावर कानो यांनी शिक्कामोर्तब करून घेतले. अमेरिकामार्गे परतताना हिकावा मारू या जहाजावर ते आजारी पडले आणि ४ मे रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी निवर्तले. काही महिन्यांतच युद्धग्रस्त जपानने ते ऑलिंपिक सोडून दिले. ते जहाज योकोहामाच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून जपण्यात आले आहे. १९५८ पासून कोदोकान टोकियोच्या बुंक्यो भागातील इमारतीत आहे. तिथे कोणालाही प्रवेश घेता येतो. प्रवेशशुल्क आणि मासिक फी मात्र भरावी लागते.