यंत्राला भाषा देणाऱ्या ग्रेस हॉपर

संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून प्रोग्राम आधी कंपाइल करायचा आणि मग चालवायचा, हे आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सवयीने करतो. माणसाला वाचता येणारा मजकूर कंपायलर यंत्राच्या आकडेवजा आज्ञांत उतरवतो; चूक असल्यास ओळीचा क्रमांक दाखवून अडवतो, नसल्यास चालवण्याजोगी फाइल हाती ठेवतो. हे कष्टाचे काम यंत्रावरच सोपवावे, असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत ग्रेस हॉपर होत्या.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. गजर कसा वाजतो हे समजून घेण्यासाठी सातव्या वर्षी त्यांनी घरातली सात घड्याळे एकामागून एक उघडली. अखेर आईने त्यांना एकाच घड्याळावर समाधान मानायला लावले. व्हासार महाविद्यालयात शिकवत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. पुढे महायुद्ध आले. वजन नियमापेक्षा कमी भरत असतानाही खास सवलत मिळवून त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डमधील ५१ फूट लांबीच्या ‘मार्क वन’ यंत्रावर रुजू झाल्या.

पतंगाची गोष्ट इथे येतेच. १९४७ मध्ये ‘मार्क टू’च्या रिलेमध्ये अडकलेला पतंग नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरे, मात्र दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याहून बरीच जुनी आहे. या गमतीने त्यांचे खरे काम झाकले जाते.

ते काम १९४९ नंतरचे, ‘युनिव्हॅक’ यंत्र घडवणाऱ्या कंपनीतले. त्या काळी वर्गमूळ किंवा त्रिकोणमिती यांसारख्या गणितांच्या आज्ञा प्रोग्रामर आपापल्या वह्यांत जपून ठेवत आणि एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेत. उतरवताना प्रत्येक आज्ञेतील स्मृतिस्थानाचा पत्ता नव्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलावा लागे. माणूस नक्कल करताना चुकतो आणि बेरजेतही चुकतो; यंत्र दोन्ही बिनचूक करते. हॉपर यांनी हे तुकडे चुंबकीय फितीवर साठवून प्रत्येकाला सांकेतिक खूण दिली. खुणा ओळीने दिल्या की यंत्र तुकडे शोधी, पत्ते बदली आणि सलग प्रोग्राम जुळवी. ‘ए-झिरो’ नावाची ही प्रणाली १९५२ पर्यंत उभी राहिली. आजच्या व्याख्येने तिला कंपायलरपेक्षा लिंकर म्हणणे अधिक योग्य, तरी आद्यत्वाचा मान त्यामुळे फारसा उणावत नाही.

अवघड लढाई पुढे होती. हिशेबनीस आणि व्यापारी यांना बीजगणिताची चिन्हे नकोत, साधे इंग्रजी शब्द हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. संगणकाला इंग्रजी कळत नाही, हे उत्तर त्यांना वारंवार ऐकावे लागले. यंत्राच्या दृष्टीने शब्द म्हणजे केवळ खुणा, हे पटवण्यासाठी त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत करून दाखवला. परिणाम उलटाच झाला, अमेरिकी यंत्र परकी भाषा बोलते म्हणून व्यवस्थापक बिथरले! अखेर त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’चा मोठा ठसा १९५९ मध्ये आकार घेऊ लागलेल्या ‘कोबोल’वर उमटला. कोबोल ही समितीची निर्मिती, एकट्या हॉपर यांची नव्हे. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला. यंत्र बदलले की सारे पुन्हा लिहायचे, ही सक्ती सैल होऊ लागली.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने लांबतच गेले. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना सुमारे फूटभर लांबीच्या तारा वाटत: प्रकाश एका नॅनोसेकंदात जाऊ शकतो तेवढे ते अंतर. उपग्रहामार्फत संदेशाला वेळ का लागतो, हे सेनाधिकाऱ्यांना त्या तारेवरूनच समजावत.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने दफन झाले. त्या तारांची एक जुडी आणि पतंग चिकटवलेली ती नोंदवही वॉशिंग्टनच्या एकाच संग्रहालयात जपलेली आहे.