व्हाल्टर नेर्न्स्ट : उष्णता, मीठ आणि वीज

नदी सागराला मिळते ते दृश्य कवींना प्रिय आहे. शास्त्रज्ञाला मात्र तेथे उधळपट्टी दिसते. गोडे व खारे पाणी एकमेकांत मिसळताना शक्ती मोकळी होते आणि वाया जाते. कारखान्यांच्या धुराड्यांतून निसटणाऱ्या उष्णतेचीही तीच गत. या दोहोंतून वीज मिळविण्याचे प्रयत्न आज चालू आहेत आणि दोन्हीकडे एक नाव हटकून भेटते. ते नाव जर्मन शास्त्रज्ञ व्हाल्टर नेर्न्स्ट यांचे.

नेर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझेन या गावी झाला. झुरिक, बर्लिन, ग्राट्स व व्ह्युर्त्सबुर्ग येथे त्यांनी शिक्षण घेतले. ग्राट्स येथे १८८६ मध्ये एटिंग्जहाउझेन यांच्यासह त्यांनी एक विलक्षण शोध लावला. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या धातूच्या पट्टीतून उष्णता वाहू लागली, की उष्णतेचा प्रवाह व चुंबकीय क्षेत्र या दोहोंना काटकोनात विद्युत् दाब निर्माण होतो. वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज मिळविण्यासाठी हा परिणाम आज पुन्हा अभ्यासला जात आहे.

पुढे ते लाइपझिग येथे ओस्टवाल्ट यांच्याकडे गेले. तेथे १८८९ साली, ऐन पंचविशीत, त्यांनी आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. एकाच क्षाराचे एक दाट व एक विरळ असे दोन विद्राव जवळ आणले, तर त्यांच्यामध्ये किती विद्युत् दाब मिळेल हे त्यावरून काढता येते. एकेरी विद्युत् भाराच्या आयनांसाठी दाटपणात दसपट फरक असेल, तर २५ अंश सेल्सिअसला हा दाब फार तर सुमारे ५९ मिलिव्होल्ट भरतो. दाब अल्प खरा. पण केवळ धन वा केवळ ऋण आयनांना वाट देणारी शेकडो पटले आळीपाळीने रचून त्यांमधून खारे व गोडे पाणी खेळविले, की थेंबे थेंबे तळे साचते. नेदरलँड्समधील आफ्स्लाउटडाइक या समुद्रबांधावर २०१४ साली असे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. मिसळलेले विद्राव टाकाऊ उष्णतेने पुन्हा वेगळे करावेत आणि तेच फिरवून वीज घ्यावी, अशीही योजना संशोधक अजमावीत आहेत.

नेर्न्स्ट व्यवहारातही चतुर होते. ग्यॉटिंगेन येथे प्राध्यापक असताना, १८९७ मध्ये, त्यांनी धातूंच्या ऑक्साइडांची कांडी तापवून प्रकाश देणारा दिवा शोधला व त्याचे हक्क दहा लक्ष मार्कांना विकले. पुढे टंगस्टनच्या तारेने तो दिवा मागे टाकला. १९०५ साली ते बर्लिनला गेले. निरपेक्ष शून्य तापमानाजवळ पदार्थ कसे वागतात हे सांगणारा त्यांचा सिद्धांत ऊष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून ओळखला जातो. त्यासाठी त्यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. आपले मेघनाद साहा त्याच सुमारास त्यांच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत काम करीत होते.

परंतु या यशाला काळी किनार आहे. पहिल्या महायुद्धात त्यांनी राष्ट्राभिमानाने जर्मनीच्या समर्थनाच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि शत्रूला हैराण करणाऱ्या रासायनिक तोफगोळ्यांच्या कामातही भाग घेतला. त्याच युद्धाने त्यांचे दोन्ही मुलगे हिरावून नेले. पुढे हिटलरची राजवट आली. दोन जावई ज्यू असल्यामुळे त्या मुलींना देश सोडावा लागला. १९३३ मध्ये नेर्न्स्ट निवृत्त होऊन त्सिबेले येथील आपल्या जमिनीवर राहावयास गेले. तेथेच १८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या राष्ट्रासाठी त्यांनी बुद्धी पणाला लावली, त्याच राष्ट्राने त्यांचे घर उजाड केले. विज्ञान कोणत्या कामी लावावे हे समीकरण सांगत नाही. तो निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. नेर्न्स्ट यांचा तोफगोळा आज कोणाला आठवत नाही. मिठाच्या पाण्यात त्यांनी शोधलेला नियम मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत रोज उपयोगी पडतो. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपण सर्वांनी हा फरक ध्यानी ठेवावा.