माणदेशी दुष्काळाचा कथाकार

तासगाव : सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस कृष्णाकाठ ओलांडून पूर्वेकडे सरकतो, तेव्हा ढगांत फारसे काही उरलेले नसते. तासगावच्या उत्तरेला व पूर्वेला विटा, आटपाडी, जत, सांगोला आणि म्हसवडपर्यंत पसरलेल्या मुलखाला हा अनुभव पिढ्यान्पिढ्यांचा आहे. माण नदी वर्षातील बराच काळ वाळूची नदी असते. हलकी जमीन, बाभळीची झाडे, मेंढ्यांचे कळप आणि आभाळाकडे लागलेले डोळे हेच माणदेशाचे रूप होते. या मुलखाची ओळख अवघ्या महाराष्ट्राला करून दिली ती व्यंकटेश माडगूळकर यांनी. हवामानबदलाच्या संकटावर जगभरातील लेखक आता कथा-कादंबऱ्या लिहू लागले आहेत. अशा वेळी पाऊस न पडल्यावर माणसांचे काय होते, हे सत्तर वर्षांपूर्वी कादंबरीतून सांगणाऱ्या या लेखकाचे स्मरण अगत्याचे ठरते.

औंध संस्थानातील बालपण

माडगूळकरांचा जन्म 1927 साली आटपाडीजवळच्या माडगूळ या गावचा. हा भाग त्या वेळी औंध संस्थानात होता. संस्थानचे गाव असलेले कुंडल तासगावच्या शेजारचेच. माडगूळकरांच्या घरी शेती जेमतेम आणि दारिद्र्य मात्र मुबलक होते. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर पुढे कवी म्हणून घराघरांत पोहोचले. धाकट्या व्यंकटेशचा ओढा चित्रकलेकडे आणि रानावनाकडे होता. 1942 च्या चळवळीने सातारा जिल्हा पेटला, तेव्हा शाळकरी वयाचा हा मुलगाही तिच्यात ओढला गेला आणि भूमिगत झाला. शिक्षण अर्ध्यावर सुटले, ते सुटलेच. पुढे इंग्रजी भाषा आणि जगातील उत्तम साहित्य त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले.

कोवळ्या वयात काही काळ त्यांनी निंबवडे येथे शाळामास्तर म्हणून काम केले होते. पगार किरकोळ होता. पण या नोकरीने त्यांना जे दिले, त्याचे मोल मराठी साहित्याला पुढे कळले. धनगर, रामोशी, बलुतेदार आणि मोलमजुरी करणारी माणसे त्यांनी जवळून पाहिली. 1949 साली 'माणदेशी माणसं' हा व्यक्तिचित्रांचा संग्रह आला आणि ग्रामीण माणूस मराठी वाचकाला विनोदाचा वा दयेचा विषय न राहता सरळ माणूस म्हणून भेटला. मुंबईत त्यांनी चित्रपटकथा लिहिल्या. नंतर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम त्यांनी दीर्घकाळ केले.

एका वाडीची गोष्ट

'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो. मुलांना शाळेपेक्षा मेंढरांमागे जाण्याची सवय असते. वृद्ध कारभाऱ्याचा विश्वास मिळाल्यावर हळूहळू शाळा भरू लागते. मास्तरच्या पुढाकाराने वाडीत तालीम बांधण्याचे ठरते. पैसा नसतो, पण हात असतात. प्रत्येक जण आपल्या श्रमाचा वाटा उचलतो आणि तालीम उभी राहते. तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीत येतात. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या आणि 1939 मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणाऱ्या औंधच्या राजांची आठवण इथे वाचकाला सहज होते.

इथे कादंबरी संपली असती, तर ती ग्रामसुधारणेची गोड कथा झाली असती. माडगूळकरांनी ती तिथे संपविली नाही. पुढे पाऊस पडत नाही. चारा संपतो, पाणी आटते, मेंढरे मरू लागतात. एकेक कुटुंब बिऱ्हाड पाठीवर घेऊन वाट धरते. तालीम जागेवर असते, पण तिच्यात घुमणारे कोणी नसते. शाळा असते, पण मुले नसतात. अखेरीस मास्तरलाही वाडी सोडावी लागते.

या मांडणीतच माडगूळकरांचे द्रष्टेपण आहे. माणसे एकत्र आली तर काय घडू शकते, हे त्यांनी आधी दाखविले. पाणी नसेल तर ती एकीही कशी विखुरते, हे नंतर दाखविले. वाडी ओस पडते तोवर वाचकाला तिथली माणसे नावानिशी ठाऊक झालेली असतात. एका बैलाच्या जोडीला स्वतः जुवाला खांदा देणारी शेकूची बायको त्याने पाहिलेली असते. सरकारी अहवालात दुष्काळ म्हणजे आणेवारी आणि टंचाईग्रस्त गावांची संख्या. या कादंबरीत तो म्हणजे ओळखीच्या माणसांचे निघून जाणे. कोणावर ठपका नाही, उपदेश नाही, आक्रोशही नाही. त्यामुळेच ती रिकामी वाडी मनातून जात नाही.

साहित्य आणि कृती

एखादी कादंबरी वाचून धोरण बदलले, असे सहसा होत नाही. 'बनगरवाडी'बाबतही तसा दावा करता येणार नाही. मात्र माडगूळकरांनी जो प्रश्न वाचकांपुढे ठेवला, त्याची उत्तरे याच परिसरात शोधली गेली, हा योगायोग लक्षणीय आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देता आले तर दुष्काळात माणसाला गाव सोडावे लागणार नाही, या विचारातून त्यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिचा प्रयोग तासगाव तालुक्यातच झाला. 1972 च्या भीषण दुष्काळात ही योजना राज्यभर लोकांचा आधार ठरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला ती आदर्शवत ठरली. पुढे 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांतील जनता आटपाडीत पाणी परिषदेसाठी जमू लागली. कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे नेणाऱ्या टेंभू योजनेमागे या चळवळीचा रेटा होता.

शिकारीकडून निरीक्षणाकडे

माडगूळकरांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. पुढे बंदूक सुटली आणि दुर्बीण व रेखाटनाची वही हाती आली. नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून त्यांनी 'नागझिरा' लिहिले. वानरांच्या टोळ्यांमधील संघर्षावरील 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी 1982 मध्ये आली आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात मुख्य पात्र म्हणून माणूस नाहीच. माणदेशात त्यांनी निसर्गापुढे हतबल माणूस पाहिला होता. जंगलात त्यांनी माणसाविना चालणारे जग समजून घेतले. हे दोन वेगळे विषय नव्हेत, जमीन, पाणी, प्राणी आणि माणूस यांचे एकच सूत्र आहे, ही जाण त्यांच्या लेखनात पर्यावरण हा शब्द रुळण्यापूर्वीपासून होती.

1983 साली अंबाजोगाई येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. अमोल पालेकर यांनी 1995 मध्ये 'बनगरवाडी' पडद्यावर आणली. ऑगस्ट 2001 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजची बनगरवाडी

त्यांच्या पश्चात माणदेशाचे चित्र बदलले. योजनांचे पाणी बऱ्याच गावांत पोहोचले, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. तासगाव द्राक्षे आणि बेदाण्यासाठी देशभर ओळखले जाते. मात्र आभाळाचा भरवसा पूर्वीपेक्षाही कमी झाला आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली शहर कृष्णेच्या महापुरात बुडाले असताना याच जिल्ह्याच्या पूर्व भागात टँकरची वाट पाहिली जात होती. अवकाळी पाऊस आणि गारपीट एका रात्रीत द्राक्षबागायतदाराचे वर्ष हिरावून घेते. माडगूळकरांच्या कादंबरीतील पाऊस दैवाने रुसलेला होता. आजच्या लहरी पावसामागे माणसाच्या करणीचाही वाटा असल्याचे विज्ञान सांगते.

हा फरक मोठा आहे. दैवापुढे बनगरवाडीने बिऱ्हाड उचलले, कारण तिला दुसरा मार्ग नव्हता. आजच्या माणसाला तो आहे. तापमानवाढीचे आकडे रोज कानावर पडतात आणि विसरलेही जातात. ओस पडलेली एक वाडी मात्र सत्तर वर्षांनंतरही विसरली जात नाही. बांधारे घालण्याचे, पाणी वाटून घेण्याचे काम गावांनाच करावे लागते. परंतु ते का करायचे आणि कोणासाठी, हे कळण्यासाठी अशी गोष्ट आधी कोणीतरी सांगावी लागते. माडगूळकरांनी ती सांगून ठेवली आहे.