गुन्हेशोधनाचे आचार्य : डॉ. हान्स ग्रॉस

एखाद्या घरीं रात्रीं चोरी अथवा खून झाला व सकाळीं नुकताच नेमलेला तरुण अंमलदार तेथें पोहोंचला, तर त्यानें प्रथम काय करावें? पुष्कळांस वाटेल कीं, दारें-पेट्या उघडून भराभर शोध घ्यावा. डॉ. हान्स ग्रॉस यांची शिकवण अगदीं उलट होती. त्यानें आधीं हात आवरावे. जें जसें पडलें आहे तें तसेंच राहूं देऊन, अंतरें मोजून, नकाशा काढून त्याचें बारकाईनें वर्णन लिहावें, आणि तें पुरें होईपर्यंत कशासही स्पर्श करूं नये.

ग्रॉस यांचा जन्म ऑस्ट्रियांतील ग्रात्स शहरीं ता. २६ डिसेंबर १८४७ रोजीं झाला. कायद्याचा अभ्यास करून ते स्टिरिया प्रांतांत तपासाचे मॅजिस्ट्रेट झाले. त्या देशीं गुन्ह्याची चौकशी स्वतः मॅजिस्ट्रेटासच करावी लागे. परंतु विश्वविद्यालयांत त्यास कलमें तेवढीं शिकविलेलीं असत. रक्ताचा डाग कसा जपावा, पाउलाचा ठसा कसा उचलावा, भ्यालेल्या साक्षीदाराशीं कसें बोलावें, हें कोणीं सांगितलेलें नसे. अशा नवशिक्याच्या चुकीचें फळ मात्र भलत्याच माणसास भोगावें लागण्याचें भय असे. ही उणीव भरून काढण्यासाठीं ग्रॉस यांनीं सुमारें वीस वर्षांच्या अनुभवानंतर १८९३ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. या शास्त्रास क्रिमिनालिस्टिक हें नांव त्यांनींच रूढ केलें.

तपासास निघतांना बरोबर न्यावयाच्या पिशवीची यादीही त्यांत आहे. कागद, मोजपट्टी, मेणबत्ती, चिमटा, ठसे घेण्यासाठीं प्लॅस्टर, आणि मुलांचा विश्वास मिळविण्यासाठीं थोडी मिठाई! ही शेवटची वस्तु वाचून हंसूं येतें खरें. पण यादी करणाराचें मन तींतच दिसतें.

धुळीसारख्या क्षुद्र वस्तूलाही ग्रॉस फार मान देत. गुन्ह्याच्या जागीं सांपडलेल्या एका कोटाची हकीकत त्यांनीं दिली आहे. कोट कोणाचा, हें कांहीं केल्या कळेना. तेव्हां तो बळकट कागदी पिशवींत बंद करून काठ्यांनीं चांगला झोडपला व आंत पडलेली धूळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. तींत लांकडाचे बारीक तंतु दिसले. म्हणजे धनी लांकूड कापणारा असेल, नाहींतर सुतार असेल. पण तींत सरसाची भुकटीही मिळाली. त्यावरून तो सामान सरसानें जोडणारा सुतार असला पाहिजे असें ठरलें, आणि तेंच खरें निघालें.

साक्षीदार खोटें बोलतो म्हणूनच चुकतो असें नव्हे. प्रामाणिक मनुष्यही भीतीनें अथवा विसरानें भलतें सांगतो, असें ग्रॉस यांचें मत होतें. म्हणून निर्जीव वस्तूंवर त्यांचा अधिक भरंवसा असे. तपासापूर्वींच मत बनवूं नये, हा इशाराही ते वारंवार देत. पुढें चेर्नोव्हित्स, प्राग व ग्रात्स येथें ते अध्यापक झाले. प्राग येथील त्यांच्या विद्यार्थ्यांत फ्रान्झ काफ्का हा पुढें नामांकित झालेला लेखक होता. १९०६ सालीं मद्रास येथील दोघां कायदेपंडितांनीं हा ग्रंथ हिंदुस्थानांतील कामास सोयीचा करून इंग्रजींत आणला.

एवढें असूनही स्वतः ग्रॉस आपल्या इशाऱ्यास नेहमीं जागले नाहींत. जिप्सी लोकांविषयीं लिहितांना त्यांनीं ती सबंध जातच चोर ठरविली. आपल्या देशांतही १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर हाच कलंक लावला होता. आणि त्यांच्या घरची कथा तर दुःखाची आहे. एकुलता एक मुलगा ओटो हा बुद्धिमान् वैद्य. पण तो मादक द्रव्यांच्या आहारीं गेला व बापाच्या सर्वच मतांविरुद्ध उठला. १९१३ सालीं बापाच्या खटपटीनें त्यास बर्लिन येथें पकडून ऑस्ट्रियांतील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. वृत्तपत्रांतून मोठा गवगवा झाला. प्रेमानें केलें कीं अधिकारानें, हें ठरविणें कठीण. पण परक्याच्या बाबतींत घाई करूं नये असें शिकविणारानें येथें फार घाई केली, असें मला वाटतें. बापलेकांचा समेट झाला नाहीं. ता. ९ डिसेंबर १९१५ रोजीं ग्रॉस ग्रात्स येथें वारले. विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं त्यांनीं जमविलेल्या वस्तूंचा संग्रह तेथील विश्वविद्यालयांत अद्याप पाहावयास मिळतो.